कुणाच्या नावाने, कुणाच्या खर्चाने

ठाण्याच्या पुढे, स्टेशनपासून रिक्षाने जावं लागतं अशा एका इमारतीच्या तळमजल्यावर एक कार्यशाळा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली, शाळेचं वय उलटून गेलेली मुलंमुली तिथे पणत्या रंगवतात, कागदी पाकिटं चिकटवतात. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तिथे गेले, तेव्हा संस्थेच्या निधीचं काम पाहणाऱ्या ताई फोनवर होत्या. समोर एक लांबट वही उघडी होती. "काका, नमस्कार. तुमचा पुतण्या जानेवारीत आपल्या संस्थेसाठी धावतोय ना, त्याच्या नावावर तुम्ही दोन हजार म्हणाला होतात." पलीकडचे काका बहुधा पुतण्याच्या गुडघ्याविषयी बोलू लागले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, गुडघा आता बरा आहे असं सांगितलं आणि मग पॅन क्रमांक विचारला. करसवलतीच्या ऐंशी-जी प्रमाणपत्रासाठी तो हवा होता. शिवाय रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर करसवलत मिळत नाही, हेही काकांना समजावून झालं. वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण पडली. खालच्या ओळीत त्याच मुलाची आत्या होती, त्याखाली शाळेतल्या बाई, त्याखाली ऑफिसातले साहेब.

यंदाच्या अंकाचा विषय 'देणं' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर येत राहणारे निरोप आठवले होते. कुणी मॅरेथॉन धावणार असतं, कुणी सायकलने कन्याकुमारीला निघालेलं असतं, कुणी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला, कुणी किलिमांजारोला. निरोपाच्या खाली एखाद्या मुलाचा फोटो आणि पैसे पाठवायचा दुवा. अशाच एका निरोपाखाली आमच्याकडच्या एका निवृत्त आजोबांनी विचारलं होतं, "यात तिकिटाचे किती?" ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही, मग कुणीतरी पाणी कधी येणार ते विचारलं आणि विषय संपला. आजोबांचा प्रश्न मात्र मला रास्त वाटला. तो घेऊनच मी हिंडले.

मोकळा पैसा

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तेव्हापासून धावणं आणि देणगी यांची जोडी आपल्याकडे घट्ट बसली. आता ती दर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंधारात उभं राहिलं की पूर्ण बेचाळीस किलोमीटरवाले दिसतात, उजाडल्यावर ज्येष्ठ नागरिक येतात, चाकाच्या खुर्च्यांवरचे स्पर्धक येतात आणि शेवटी 'ड्रीम रन'ची गर्दी. तिथे घड्याळाकडे कुणी बघत नाही. फलक, मुखवटे, फुगे, कुणाच्या टी-शर्टवर आजीचा फोटो. पेडर रोडच्या चढणीला राहणारी माणसं ओळखपाळख नसताना धावणाऱ्यांना केळी, बिस्किटं, संत्र्याच्या फोडी देत उभी असतात, तेही एक देणंच.

यातल्या निधीची व्यवस्था 'युनायटेड वे मुंबई' पाहते. संस्था नाव नोंदवते, धावणारा आपल्या पसंतीची संस्था निवडतो आणि मग आपल्या माणसांकडे हात पसरतो. देणारा पैसे देतो ते संस्थेच्या नावाने. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे गट उतरवतात, त्यातूनही संस्थांना रक्कम मिळते. धावणाऱ्याचे बूट, सराव, फिजिओथेरपिस्ट हा सगळा त्याचा त्याचा खर्च. अंधेरीचा मुलगा बोरीबंदरला धावायला येतो, त्यामुळे प्रवासाचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. पुढे जे गुंतागुंतीचं सांगणार आहे, त्याच्या तुलनेत ही व्यवस्था साधी आणि स्वच्छ आहे.

ताईंना मी विचारलं, एवढे फोन, एवढी वही, त्यापेक्षा एका मोठ्या कंपनीकडे का जात नाही? त्यांचं उत्तर लक्षात राहण्यासारखं होतं. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, तेव्हापासून संस्थांकडे पैसा येऊ लागला हे खरं. "पण तो बांधलेला येतो," ताई म्हणाल्या. "संगणक देतील, शिवणयंत्रं देतील, त्यावर नावाची पाटी लावतील. तो संगणक शिकवणाऱ्या बाईंचा पगार कुठून द्यायचा? लाइटबिल, भाडं, मुलांना आणणाऱ्या गाडीचं डिझेल? काका-आत्यांचे दोन-दोन हजार मोकळे असतात. त्यावर आमचं वर्ष चालतं."

आणि माणसं येतात, हा दुसरा लाभ. पुतण्यासाठी दोन हजार देणारे काका पुढच्या वर्षी पुतण्या न धावताही देतात, एखाद्या दिवशी कार्यशाळा बघायला येतात. सगळे नाही, पण काही येतात.

तिथेच एका मुलीच्या आई भेटल्या. धावणाऱ्यांना निरोपात घालण्यासाठी संस्थेने मुलांचे फोटो मागितले होते. त्यांनी तिथल्या तिथे फोन उघडून मला दोन फोटो दाखवले. एकात मुलगी मान एका बाजूला टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली होती. दुसऱ्यात ती पणतीच्या कडेला पिवळा ठिपका देत होती, जीभ दातांत धरून, ब्रश अगदी टोकाशी पकडून. "पहिल्याला जास्त पैसे येतील, मला माहितीये," आई म्हणाल्या. "मी दुसरा दिला. ती काम करते, ते दिसू दे." मी पाहिलेल्या निरोपांपैकी कितीतरींत पहिल्या जातीचाच फोटो होता. त्या मुलांच्या आईवडिलांना कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

घामाला पैसे का मिळतात

मुळात काका पुतण्याला विचारू शकले असते, की बाबा रे, चांगल्या कामाला पैसे हवेत तर असेच माग, धावतोस कशाला? पण तसं कुणी विचारत नाही. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सहलीसारख्या आरामशीर कार्यक्रमापेक्षा दमछाक करणाऱ्या, वेदना देणाऱ्या कार्यक्रमासाठी माणसं जास्त द्यायला तयार होतात, असं त्यांना दिसलं. कष्ट सोसले की कामाला अर्थ येतो, असं आपलं मन मानतं.

हे आपल्याला प्रयोगाशिवायही ठाऊक आहे. नवसाला अनवाणी जाणारी माणसं आपल्या घरात आहेत. पण आपल्या जुन्या रीतीत एक गोष्ट फार नीट सांभाळलेली होती. कुणी पंढरपूरला, काशीला निघालं की शेजारीपाजारी हातावर रुपया-दोन रुपये ठेवत, "माझ्या नावाने पेटीत टाक." ते पैसे कनवटीला वेगळे बांधले जात. त्यातून वाटेत चहा पिणं पाप समजलं जाई. दिंडीत नाव घालणारा वारकरी आपली भिशी स्वतः भरतो; जेवणाखाणाची, सामानाच्या ट्रकची सोय त्यातून होते. वाटेवरची गावं त्याला भाकरी-पिठलं वाढतात ते त्याच्याचसाठी, दुसऱ्या कुणाच्या नावाने नव्हे. जाणाऱ्याचा पैसा, देवाचा पैसा आणि वाटसरूला दिलेलं अन्न या तीन गोष्टी तीन जागी राहत. आजच्या निरोपांत त्या एकाच दुव्यात मिसळतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

पाच लाखांतले दीड

आजोबांनी ज्याच्या निरोपाखाली प्रश्न विचारला होता, त्या मुलाला मी घरी बोलावलं. पुण्यातल्या एका कंपनीत अभियंता, सज्जन, मनापासून बोलणारा. किलिमांजारो चढून कर्करोगग्रस्त मुलांसाठी पाच लाख जमवायचे, असं त्याने ठरवलं होतं. विमान, परवाने, तिथली कंपनी, विमा मिळून खर्च तीन लाखांच्या घरात. "काकू, अर्धा खर्च मी स्वतःच करतोय," तो म्हणाला. मग हे निरोपात का नाही लिहिलं? तो जरा थांबला. "हिशेब लिहिला की वाचणाऱ्याचा उत्साह जातो."

त्याचा युक्तिवाद मी इथे पुरता मांडते, कारण तो कच्चा नाही. तो गेलाच नाही, तर एक रुपयाही जमणार नाही. तो गेला आणि जमलेल्यातून दीड लाख खर्चाला गेले, तरी साडेतीन लाख मुलांना मिळतात. शून्यापेक्षा साडेतीन लाख बरे, मग तक्रार कशाची?

तक्रार अशी आहे, की ज्यांनी पाच दिले त्यांना वाटतंय पाच पोचले. त्यांनी औषधाला पैसे दिले, विमानाला नाही. मुलाला माहीत असलेली एक गोष्ट देणाऱ्याला माहीत नाही, आणि ती माहीत नसल्यामुळेच तो देतो आहे. शिवाय आत्याच्या पर्सला तळ असतो. तिने इथे दिलेले पाच हजार ती दुसरीकडे, कदाचित त्याच रुग्णालयाच्या पेटीत, थेट देऊ शकली असती. म्हणजे शून्य हे शून्य नव्हतंच. मी हे त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटलं असं म्हणाला नाही.

ब्रिटनमध्ये अशा सहलींचा मोठा धंदाच उभा आहे. किलिमांजारो, चीनची भिंत, माचू पिचू. भाग घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, सगळा खर्च स्वतः करायचा आणि जमलेलं सगळं संस्थेला द्यायचं. दुसरी, ठरलेली किमान रक्कम जमवून द्यायची आणि त्यातूनच सहलीचा खर्च वळता व्हायचा. दुसऱ्या वाटेवर देणाऱ्याला ते आधी सांगायला हवं, असा तिथल्या निधीसंकलनाच्या संहितेचा आग्रह आहे. तिथल्या कर खात्याचा नियम तर अधिक मार्मिक वाटतो. जमलेल्या पैशातून सहल होणार असेल, तर भाग घेणाऱ्याच्या आईवडील, भावंडं, पती-पत्नी यांच्या देणगीवर संस्थेला करपरतावा मिळत नाही. मुलाच्या सहलीला बापाने दिलेला पैसा दान नव्हे, एवढं तरी त्या खात्याने ओळखलं आहे.

आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाला वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, नंतर हिशेबही द्यावा लागतो. फोनवरून शेकडो लोकांना निरोप पाठवणाऱ्या एकट्या प्रवाशाकडे कुणी तो मागत नाही. कायद्याच्या मागे लागावं असं मी म्हणत नाही. त्या मुलाला एक ओळ जास्त लिहायची होती, इतकंच.

टेरी फॉक्सची गाडी

खर्चाचा पैसा आणि दानाचा पैसा वेगळा ठेवणं जमतं, हे दाखवणारा मुलगा कॅनडात होऊन गेला. टेरी फॉक्स. हाडाच्या कर्करोगाने १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला गेला. १२ एप्रिल १९८० रोजी तो देशाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्स शहरातून कृत्रिम पाय लावून पश्चिमेकडे धावत निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि थंडर बे शहराजवळ छातीत कळ आली. रोग फुफ्फुसात पोचला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला, बावीस वर्षांचा.

ही शौर्यकथा बहुतेकांना माहीत असते. मला त्याचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. निघण्यापूर्वी त्याने कंपन्यांना पत्रं लिहिली आणि खर्चासाठी वेगळी मदत मागितली. फोर्डने गाडी दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन, आदिदासने बूट. बदल्यात आमची जाहिरात कर म्हणणाऱ्यांना त्याने नकार दिला. लोकांनी संशोधनासाठी दिलेला पैसा संशोधनालाच जाईल, त्यातून कुणाचाही फायदा होणार नाही, यावर तो अडून राहिला. दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर हे त्याचं स्वप्न होतं. १९८१च्या फेब्रुवारीत निधी २ कोटी ४० लाख डॉलरांच्या पुढे गेला. दोन पिशव्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या होत्या, म्हणून त्या पैशाविषयी कुणाला कधी शंका घ्यावी लागली नाही.

ओझं वाहणारे

देणारा, जाणारा आणि ज्याच्या नावाने पैसे मागितले तो, एवढ्या तिघांत हे संपत नाही. चौथा माणूस फोटोच्या चौकटीबाहेर असतो.

किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. दोरखंड, बर्फावरची कसबं असलं काही त्याच्या नेहमीच्या वाटांना लागत नाही, म्हणूनच हौशी माणसं तिथे जातात. पण तंबू, गॅस, भांडी, अन्न, कधी खुर्च्या आणि शौचालयाचा तंबूसुद्धा वर जातो तो स्थानिक हमालांच्या डोक्या-खांद्यांवर. एका प्रवाशामागे अनेकदा तीन-चार माणसं लागतात. पूर्वी तिथे जाऊन आलेल्या एका पुणेकर ट्रेकरने मला प्रवेशद्वारावरचा काटा वर्णन करून सांगितला. हमाल रांगेत उभे राहतात, गाठोडी एकेक करून आकड्याला अडकवली जातात, २० किलोच्या वर गेलं की सोडून पुन्हा बांधायचं. "माझ्या पायात सतरा हजारांचे बूट होते," तो म्हणाला. "माझं सामान नेणाऱ्याच्या पायातल्या बुटाला नाडी नव्हती, सुतळी होती." या हमालांना योग्य मजुरी, पोटभर जेवण आणि झोपायला धड तंबू मिळावा म्हणून २००३पासून 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' काम करतो; थंडीचे कपडे त्यांना विनामूल्य वापरायला देतो. स्वस्तातली सहल निवडली की कात्री पहिल्यांदा मजुरीला लागते. आणि धर्मादाय सहल स्वस्तातली निवडण्याकडे कल असतो, कारण खर्च कमी तेवढं दान जास्त दिसतं. एका गरिबासाठी जमवलेल्या पैशात दुसऱ्या गरिबाची मजुरी बुडालेली असू शकते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

कधी कधी खर्चाचा हिशेब आणखी भलत्याच दारात जाऊन पडतो. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी पॅराशूटने उडी मारणाऱ्यांच्या दुखापतींची पाच वर्षांची नोंद तपासून १९९९ साली प्रसिद्ध केली. जखमींपैकी बहुतेक सगळे आयुष्यात पहिल्यांदाच उडी मारणारे, देणगीसाठी आलेले हौशी लोक होते. माणशी जमलेला निधी होता सरासरी ३० पौंड. आणि त्यांच्या मोडलेल्या पायांवर, मणक्यांवर सरकारी आरोग्यसेवेने केलेला खर्च मांडला, तर जमलेल्या दर पौंडामागे १३ पौंड ७५ पेन्स. कुणीही खोटं बोललं नव्हतं. उडी मारणाऱ्याने धाडस केलं, शेजाऱ्याने प्रेमाने दिलं. बिल भरलं ते करदात्यांनी.

बागेतल्या शंभर फेऱ्या

मग खर्चच नसलेलं काही करावं का? एप्रिल २०२०मध्ये, करोनाने जग घरात कोंडलेलं असताना, इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरच्या एका खेड्यात कॅप्टन टॉम मूर हे गृहस्थ आधाराची चौकट धरून आपल्या २५ मीटरच्या बागेत चालू लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी भारतात आणि ब्रह्मदेशात सैन्यात काम केलेलं. शंभरावा वाढदिवस ३० एप्रिलला होता, तोवर १०० फेऱ्या मारायच्या आणि आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीसाठी १,००० पौंड जमवायचे, इतकाच बेत. जमले ३ कोटी २० लाखांहून अधिक. ना विमान, ना हमाल, ना विमा. तो पैसा आरोग्यसेवेच्या संस्थांकडे गेला आणि त्याविषयी वाद झालेला नाही.

वाद झाला तो त्यानंतर त्यांच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानावर. ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये चौकशीचा अहवाल दिला. टॉम यांची मुलगी आणि जावई यांनी प्रतिष्ठानाच्या नावातून वारंवार वैयक्तिक लाभ घेतला, असा त्याचा निष्कर्ष होता. पुस्तकाच्या विक्रीतून प्रतिष्ठानाला मदत होईल अशी लोकांची समजूत करून दिली गेली, पुस्तकाच्या कराराचे सुमारे १५ लाख पौंड मात्र कुटुंबाच्या कंपनीकडे राहिले. घराच्या आवारात प्रतिष्ठानाचं नाव पुढे करून परवानगी मिळवलेली इमारत वाढवून तिथे स्पा बांधला गेला. तो पाडावा लागला. टॉम तोवर हयात नव्हते. शंभर फेऱ्या मारताना एक पेनीही न घेतलेल्या म्हाताऱ्याचं नाव आता त्या स्पाबरोबर घेतलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे खर्च किती, यावर सगळं ठरत नाही. माणसाच्या चांगुलपणाचं भांडवल कुणाच्या खात्यावर जमा होतं, तेही बघावं लागतं. धावणाऱ्याची प्रसिद्धी, ट्रेकरचे वाढलेले चाहते, कंपनीच्या टी-शर्टवरचं नाव ही सगळी मिळकतच आहे. ती मिळू नये असं नाही. पण ती मोजली जावी.

डोंगरासाठीच मागणारे

हिंडताना मला वारंवार वाटत राहिलं, की आपण डोंगरासाठी पैसे मागायला लाजतो आणि म्हणून आजारी मुलाचं नाव पुढे करतो. ही लाज अनाठायी आहे. साहसाला मदत करणं हीसुद्धा चांगली गोष्ट आहे, तिला दुसऱ्या कारणाचा टेकू लागत नाही. २०१८ साली राज्याच्या आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या मुलामुलींना एव्हरेस्टवर पाठवलं, त्यातले पाच जण शिखरावर पोचले. तो खर्च सरकारी तिजोरीतून झाला आणि कशासाठी झाला ते पहिल्यापासून उघड होतं. त्यावर वाद घालणारे वाद घालू शकत होते. पैसा दुसऱ्याच कामासाठी मागितला होता, असं मात्र कुणालाही म्हणता आलं नसतं.

पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने तर तिजोरीचा आधार नसताना हे केलं. संस्था १९८२ची, सह्याद्रीत वाढलेली. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ची एव्हरेस्ट मोहीम ठरली, तेव्हा पैशांचा डोंगर आधी चढायचा होता. मोहिमेतली माणसं नोकरी-धंदा सांभाळून दारोदार गेली. उद्योजकांकडे गेली, तशीच साध्या घरांतही गेली. १९ मे २०१२ रोजी त्यांचे आठ गिर्यारोहक शिखरावर उभे राहिले. त्या दारांवर त्यांनी अनाथांचं, रुग्णांचं नाव घेतलं नाही. एव्हरेस्टला जायचंय, पैसे कमी पडताहेत, असं सांगितलं आणि लोकांनी एव्हरेस्टसाठी पैसे दिले.